नंबर, पावत्या आणि पत्रा : जुन्या मिड-इंजिन गाडीच्या फाइलला एवढं मोल कसं आलं

जुनी मिड-इंजिन स्पोर्ट्स कार विकायला निघते तेव्हा तिच्याबरोबर एक जाडजूड फाइल येते, आणि जाणकार ग्राहक गाडीच्या आधी ती फाइल मागतो. हा निव्वळ संग्राहकांचा सोस नाही. या गाड्या ज्या तऱ्हेने बनल्या, वापरल्या गेल्या आणि मधली काही वर्षं कवडीमोल झाल्या, त्यातून त्यांच्या इतिहासात ठिकठिकाणी भोकं पडली. ती कुठे पडली हे ठाऊक असलं की फाइलमध्ये काय शोधायचं ते आपोआप कळतं.

चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे इंजिन बसवायचं, ही कल्पना शर्यतीतली. सगळ्यात जड भाग गाडीच्या मध्याजवळ आला की वळणात गाडी चटकन दिशा बदलते आणि मागच्या चाकांवर पुरेसं वजन राहतं. ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांनी १९३४ पासून हे करून दाखवलं. युद्धानंतर कूपर या छोट्या ब्रिटिश कंपनीने १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं जॅक ब्रॅबमला जगज्जेता केलं आणि वाद संपला. एन्झो फेरारी यांचा या रचनेला बराच काळ विरोध होता. पण १९६१ मध्ये फिल हिल विजेता ठरला तो मिड-इंजिन फेरारीतच.

रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये पहिला मान सहसा फ्रान्सच्या रने बोने जेटला, १९६२ मध्ये, दिला जातो. खरी खळबळ मात्र लॅम्बॉर्गिनीने उडवली. १९६५ च्या तुरीन प्रदर्शनात नुसती उघडी चेसिस मांडली होती. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला तिच्यावर बर्टोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची बॉडी चढली आणि मिउरा जगासमोर आली. जिआन पाओलो डल्लारा, पाओलो स्टान्झानी आणि रेखाटन करणारा मार्चेल्लो गांदिनी हे सगळे तेव्हा तिशीच्या आतबाहेरचे. चार लिटरचं व्ही-१२ इंजिन त्यांनी आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच ओतकामात घेतला.

मिउरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्या कागदपत्री भानगडींचं मूळ तिच्यात दिसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं तेल एकच होतं. गिअरच्या दातांवरून उडालेला धातूचा बारीक कीस त्याच तेलातून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायचा. एसव्ही ही मिउराची शेवटची आवृत्ती. तिच्या शेवटच्या काही गाड्यांमध्ये दोन्हींचं तेल वेगळं केलं, पण सगळ्या एसव्हींमध्ये नाही. त्यामुळे "एसव्ही आहे म्हणजे तेल वेगळं" असं धरून चालणारा फसतो. दुसरी गोष्ट आगीची. वेबरचे तीन नळ्यांचे कार्ब्युरेटर मुळात शर्यतीचे. इंजिन मंद फिरत असताना त्यांच्यात पेट्रोल साचायचं, आणि बॅकफायर झाला की ते पेटायचं. अनेक मिउरा अशा जळल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, काहींना दुसऱ्याच गाडीचं इंजिन मिळालं. एकूण गाड्या बनल्या जेमतेम साडेसातशेच्या वर. एवढ्या थोड्या गाड्यांत इतकी अदलाबदल झाली, की कोणतं इंजिन मूळ कुठल्या चेसिसमधलं हे सांगायला कारखान्याच्या नोंदीच लागतात.

इथेच "मॅचिंग नंबर" या शब्दाचा घोळ होतो. साठच्या दशकातल्या कित्येक फेरारींवर चेसिस आणि इंजिन यांचा नंबर एकच असायचा, त्यामुळे जुळणी म्हणजे दोन्हीकडे तेच आकडे, असा समज रूढ झाला. मिउरा आणि फेरारीने बनवलेली छोटी व्ही-६ डिनो यांच्यावर हे दोन नंबर मुळातच वेगवेगळे असतात. तिथे जुळणी म्हणजे कारखान्याने त्या चेसिसपुढे जो इंजिन नंबर लिहून ठेवला, तोच आज ब्लॉकवर असणं. हातात कारखान्याची नोंद नसताना विक्रेता "नंबर जुळतात" म्हणत असेल, तर कशाशी जुळतात हे त्याला विचारावं.

डिनोचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. १९६७ पासूनच्या फॉर्म्युला-२ नियमांनुसार शर्यतीचं इंजिन किमान ५०० उत्पादित गाड्यांमधल्या इंजिनावर आधारलेलं हवं होतं. फेरारीच्या आवाक्यात एवढी संख्या नव्हती, म्हणून इंजिन बनवायचं काम फिआटकडे गेलं. त्यातून पहिली डिनो, २०६ जीटी, आली: दोन लिटरचं अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं व्ही-६, अ‍ॅल्युमिनियमचीच बॉडी, आणि संख्या दीडशेच्या आसपास. १९६९ मध्ये २४६ जीटी आली तेव्हा इंजिन २४१९ सीसीचं झालं, ब्लॉक बिडाचा आणि बॉडी पोलादी पत्र्याची. १९७४ पर्यंत एल, एम आणि ई अशा तीन मालिका निघाल्या आणि १९७२ मध्ये छत निघणारी जीटीएस त्यांच्यात सामील झाली. कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यावर फेरारीचा घोडा नव्हता, फक्त "डिनो". आज दिसणारा घोडा बहुधा नंतर कोणीतरी बसवलेला असतो.

डिनोमध्ये सर्वाधिक खोटेपणा होतो तो दोन पर्यायांत: फेरारीच्याच डेटोना मॉडेलच्या पद्धतीची सीट आणि रुंद कँपान्योलो चाकांसाठी फुगवलेल्या चाककमानी. मूळ असे पर्याय घेतलेल्या गाड्या थोड्या, आणि त्यांना भाव मोठा. सीट शिवून घेता येतात, कमानी वेल्ड करता येतात. म्हणून मूळ बिल किंवा कारखान्याच्या नोंदीत ते पर्याय लिहिलेले आहेत का, हे पाहावंच लागतं. कमानीच्या आत हात घालून पाहिलं तर वेल्डिंगचा जोड आणि त्यावर चोपडलेली पुट्टी बोटांना लागते.

जर्मनीत याच काळात पोर्शे आणि फोक्सवॅगन यांनी मिळून १९६९ मध्ये ९१४ आणली. चार सिलिंडरवाल्या गाड्या मोठ्या संख्येने निघाल्या. पोर्शेच्याच ९११टीचं दोन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन घेतलेली ९१४/६ फार थोडी. साहजिकच चार सिलिंडरच्या गाडीत सहा सिलिंडर इंजिन टाकून तिला ९१४/६ म्हणून विकायची लबाडी सुरू झाली. ही पकडणं सोपं आहे: खऱ्या ९१४/६ चा चेसिस नंबर ९१४ पासून सुरू होतो, चार सिलिंडरवालीचा ४७ पासून. इंजिन नंबर मात्र सहज दिसत नाही. तो पंख्याजवळच्या क्रँककेसवर ठोकलेला असतो, आणि ९१४ मध्ये इंजिन उलटं बसल्यामुळे पंखा फायरवॉलकडे, म्हणजे सीटमागच्या भिंतीकडे, येतो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तिरकं वाकल्याशिवाय आकडे वाचता येत नाहीत. न वाचताच पुढे गेलेल्या खरेदीदारांची कमी नाही.

९१४ चा खरा शत्रू गंज. इंजिनकक्षात उजव्या बाजूला बॅटरीचा ट्रे असतो. बॅटरीतलं आम्ल आणि वरून झिरपणारं पाणी ट्रे खाऊन खाली उतरतं, आणि नेमकं तिथेच मागच्या सस्पेन्शनचा आधार आहे. ट्रे नवा, रंग ताजा, पण खालचा आधार स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबला की आत जातो, अशी गाडी म्हणजे नुसता मेकअप. फाइलमध्ये त्या भागाच्या दुरुस्तीचे, पत्रा कापल्याचे आणि नवा जोडल्याचे फोटो असतील तर ते मूळ विक्री-पावतीइतकेच मोलाचे.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर या गाड्यांची रयाच गेली. पेट्रोल महाग, सुटे भाग महाग, मॉडेल जुनं. फुटलेलं इंजिन बांधून घेण्याऐवजी दुसरं बसवणं स्वस्त पडायचं. मूळ ब्लॉक भंगारात गेले, सर्व्हिस बुकं हरवली, इटलीहून अमेरिकेत गेलेल्या गाड्यांचे किलोमीटरचे मीटर काढून मैलाचे बसले. हा शेवटचा मुद्दा बारीक वाटतो, पण मीटर बदलताना जुन्याचं रीडिंग कुठेच लिहिलं नसेल तर "फक्त अमुक मैल" या दाव्याला आधारच उरत नाही. शिवाय पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो.

मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वारं फिरलं. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले आणि आधीच चढत असलेले भाव भडकले. वर्षा-दोन वर्षांत फुगा फुटला, पण तोवर घाईघाईत डागडुजी केलेल्या, पिवळ्या-हिरव्याच्या लाल केलेल्या आणि कागदोपत्री सजवलेल्या गाड्या बाजारात पसरल्या होत्या. कंपन्यांनी स्वतःचे संग्रह या कामाला लावले ते बऱ्याच नंतर. फेरारीचा क्लासिके विभाग चेसिस, बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ब्रेक आणि चाकं मूळ नोंदींशी ताडून प्रमाणपत्र देतो. लॅम्बॉर्गिनीचा तसाच विभाग, पोलो स्तोरिको, २०१५ मध्ये सुरू झाला. पोर्शेची कार्डेक्स पत्रकं, म्हणजे गाडीगणिक ठेवलेली नोंदपत्रं, तर मुळापासूनची. प्रमाणपत्र मात्र तपासणीच्या दिवसापुरतं बोलतं. मधल्या पन्नास वर्षांत गाडी कोणाकडे होती, हे ते सांगत नाही.

तो धागा देशोदेशीच्या सरकारी नोंदींतून जुळतो. इटलीत १९२७ पासून मोटारींची सार्वजनिक नोंदवही आहे. तिच्या उताऱ्यात मालक, तारखा आणि पाट्या क्रमाने मिळतात. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक एमओटी चाचणीच्या जुन्या प्रमाणपत्रांवर रीडिंग लिहिलेलं असतं. ही कागदं तारखेप्रमाणे लावून शेजारी रीडिंगचा आकडा मांडावा. तो कुठे मागे गेला, किंवा पाच-सहा वर्षं कागदच नाही, तर त्याच काळात अपघात, आग किंवा इंजिनबदल झाला असण्याची शक्यता धरावी.

पावत्या वाचतानाही डोळा हवा. फेरारीच्या ३०८ जीटीबीला टायमिंग बेल्ट दोन आणि ताण देणारी बेअरिंगही दोन. पावतीवर फक्त बेल्ट असतील तर काम अर्धं. मागच्या बदलाला पाच वर्षं झाली असतील तर गाडी किती चालली हा प्रश्न गौण, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. १९७७ पर्यंतच्या पहिल्या ७१२ जीटीबींची बॉडी फायबरची. तिला गंज नाही, पण खालच्या नळ्यांच्या फ्रेमला आहेच, आणि वरून काही दिसत नसल्याने तिथला गंज उशिरा कळतो. फेरारीच्याच सपाट बारा सिलिंडरच्या बीबी मॉडेलमध्ये बेल्ट बदलायलाही इंजिन खाली काढावं लागतं. त्यामुळे त्या पावतीची रक्कम संशय यावा इतकी छोटी असेल, तर काम खरंच झालं का, हे गॅरेजला विचारावं.

इसार देण्याआधी चेसिस आणि इंजिन या दोन्हींवरच्या ठोकलेल्या नंबरांचे जवळून, तिरप्या उजेडात फोटो घ्यावेत. घासल्याची आडवी ओरखडी, आकड्यांची असमान खोली, भोवतीचा जास्तच गुळगुळीत धातू, हे सगळं तिरप्या उजेडातच दिसतं. मग फाइलमधल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी करून ती विक्री-करारालाच जोडावी. सर्व्हिस बुक, हत्यारांची थैली आणि जुन्या पावत्या विक्रेत्याकडे "नंतर पाठवतो" म्हणून राहिल्या, की त्या सहसा परत येत नाहीत.