चौथ्या दाढीलाच वस्तरा ओढतोय?

"धार लावून आणला तेव्हा मस्त चालला, चौथ्या दाढीला ओढायला लागला." हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की उत्तर छापूनच प्रत्येक वस्तऱ्यासोबत द्यायचं ठरवलं. पहिली दाढी करायच्या आधी वाचून घ्या.

वस्तऱ्याला आम्ही एक चिठ्ठी बांधतो: "पहिल्या दाढीआधी पट्ट्यावर फिरवू नका." पट्टा म्हणजे वस्तरा ज्यावर पुढे-मागे फिरवतात ती चामड्याची पट्टी; त्यालाच पट्टा मारणं म्हणतात. काहींना हे खटकतं, कारण दाढीआधी पट्टा मारायचाच असतो, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरंच आहे, पण दुसऱ्या दाढीपासून. आमच्याकडून वस्तरा पट्टा मारूनच निघतो. तसाच वापरलात तर खरी धार गालाला कशी लागते ते तुम्हाला कळेल. आणि ती पहिलीच दाढी ओढली तर चूक आमची, पुन्हा धार लावायचे पैसे घेणार नाही. पहिली छान झाली आणि चौथी बिघडली, तर बहुतेक वेळा दोष पट्टा मारण्यात निघतो.

पट्टा पातं घासून नवी धार काढत नाही, असलेली सरळ करतो. धारेची कड इतकी पातळ असते की दाढीच्या राठ केसांनीही ती किंचित मुडपते, आणि चामड्यावर फिरवली की पुन्हा ओळीत येते. त्यासाठी पातं सपाट ठेवायचं, म्हणजे पाठ (पात्याची धारेसमोरची जाड बाजू) आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या हव्यात. पाठ पुढे, धार मागे.

गडबड होते ती वळणावर. हात टोकाशी पोचला की नवशिका थांबत नाही, आधी परत फिरतो आणि फिरता फिरता पातं उलटतो. त्या क्षणी पाठ उचलली जाते, नुसती कड चामड्यावर दाबली जाते आणि गोल होते. पन्नासातल्या बाकीच्या एकोणपन्नास फेऱ्या कितीही नीट मारल्या तरी त्या एका फेरीनं केलेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून टोकाला पूर्ण थांबा. पाठ चामड्यावरून न उचलता, तिच्यावरच पातं पालथं करा. मगच परत निघा. वेगाचा धारेशी काही संबंध नाही. सरावलेल्या हाताची सटासट पाहून नक्कल करू नका, तो वेग हाताला आपोआप येतो. जाणं-येणं मिळून एक, अशा पन्नास फेऱ्या सावकाश मारल्या तरी दाढीआधी पुरतात. वजन वस्तऱ्याचंच, हातानं दाबायचं नाही. पट्टा ताणून धरा. सैल पट्ट्याला झोळ पडतो आणि त्या झोळात कड गोल होते.

तक्रार आली की आम्ही आधी पट्ट्याचा फोटो मागतो. कुणी खोटं बोलतंय असं आम्हाला वाटत नाही, पण पट्टा सगळं दाखवतो. दोन्ही टोकांना चंद्रकोरीसारखे बारीक काप असतील, तर पातं उलटायच्या आधीच हात परत फिरलाय. मग वस्तरा भिंगाखाली धरला की कडेवर पांढरी रेघ चमकते. चांगल्या धारेवर अशी रेघ दिसत नाही, कारण उजेड अडायला तिथे जागाच नसते.

पहिल्या पट्ट्याला काप जातातच, तेव्हा महागडा घेऊ नका. आमच्याकडे साधा, तीन इंच रुंद पट्टा आहे, शिकायला तोच द्यावा असं आम्हाला वाटतं. आधी जेवणाच्या टेबलावरच्या बोथट सुरीनं वळण बसवा. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट रोजच्या पट्ट्यावर चोळू नका, ती झिजवते. तिला वेगळा पट्टा ठेवा आणि वस्तरा मंदावला तरच पाच-दहा फेऱ्या मारा.

एक कळकळीची विनंती: ओढणारा वस्तरा घरच्या सुरीच्या दगडावर घासून बघू नका. सुरी दगडावर तिरकी धरतात, वस्तऱ्याचा कोन मात्र त्याची पाठच ठरवते. पाठ उचलून चार हात मारले की तो कोन मोडतो. नुसती मंदावलेली धार आम्ही 8000 आणि 12000 नंबरच्या दगडांवर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) लवकर परत आणतो; मोडलेल्या कोनासाठी 1000 पासून सुरुवात करावी लागते, पातं झिजतं आणि तुमचा खर्चही वाढतो. आम्ही पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावून घासतो, म्हणजे पाठ झिजत नाही. पण त्यामुळे कोन थोडा वाढतो. पुढे स्वतः दगड वापरणार असाल तर तीच पट्टी लावा, नाहीतर दगड कडेपर्यंत पोचणारच नाही.

दाढी झाली की पातं पुसून पूर्ण कोरडं करा आणि बाथरूमबाहेर ठेवा. कार्बन स्टीलच्या कडेला गंज डोळ्यांना दिसायच्या आधीच लागलेला असतो. पुन्हा पाठवताना तेलाचा हात फिरवा, पातं वस्तऱ्याच्या मुठीत मिटवून रबर बांधा आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांचे फोटो सोबत द्या.