एसईओ आणि संकेतस्थळाचे विपणन : सोलापूरच्या संदर्भात

गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या निकालांत आपले संकेतस्थळ जाहिरातीचे पैसे न भरता वर दिसावे, म्हणून मजकूर, रचना आणि तांत्रिक बांधणी यांवर केलेल्या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा थोडक्यात एसईओ म्हणतात. त्याच निकालांत पैसे भरून जागा मिळवण्याचे काम जाहिरातीचे. सोलापुरात दोन्हींची गरज मोठी आहे, कारण इथला बराचसा माल शहराबाहेर खपतो. चादरी, टेरी टॉवेल, शाळांचे गणवेश, शेंगा चटणी, कडक भाकरी यांचे गिऱ्हाईक पुण्यात, हैदराबादेत किंवा परदेशात असते. ते चाटी गल्लीच्या कापडबाजारात येऊन दुकाने धुंडाळणार नाही, मोबाइल उघडून विचारणार.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. क्रॉलर नावाची आज्ञावली दुव्यांवरून पानापानांत फिरते, वाचलेले पान इंडेक्समध्ये, म्हणजे शोधयंत्राच्या सूचीत, नोंदवले जाते आणि कुणी काही विचारले की त्या नोंदींतून क्रम लावला जातो. हा क्रम लावताना एका पानाला दुसऱ्या पानांकडून आलेले दुवे मोजायचे, ही पेजरँकची कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडली. १९९८ मध्ये त्यांनी गूगल कंपनी काढली. आज दुव्यांखेरीज इतर अनेक निकष लागतात.

सोलापूरच्या व्यावसायिकाला सर्वांत जास्त लक्ष घालावे लागते ते भाषेत. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी आणि उर्दू बोलल्या जातात; पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू आजही नांदते. गिऱ्हाईकही तसेच. एकाच वस्तूसाठी कुणी ‘सोलापुरी चादर’ लिहितो, कुणी ‘चद्दर’, कुणी रोमन अक्षरांत एका ‘डी’ने तर कुणी दोन ‘डी’ने. ठोक खरेदीदार ‘हॉटेलसाठी टॉवेल होलसेल’ असे विचारतो, तर लग्नघरातला माणूस ‘आहेरासाठी टॉवेल’ असे. हे शब्द विकत घ्यावे लागत नाहीत. दुकानातल्या फोनवर आणि व्हॉट्सॲपवर रोज येणारी विचारणा महिनाभर वहीत उतरवली, तरी शब्दांची यादी हाती येते, आणि ती बहुतेक वेळा महागड्या साधनाने दिलेल्या यादीपेक्षा कामाची ठरते.

मराठी मजकुराची एक अडचण तांत्रिक आहे. छपाईच्या कामात अनेक ठिकाणी अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फाँट वापरतात. त्यांत केलेले माहितीपत्रक जसेच्या तसे साइटवर चिकटवले, तर यंत्राला मराठी दिसतच नाही, निरर्थक चिन्हे दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा. युनिकोडमध्येही बारकावे आहेत : ‘ॲप्रन’ मधला ‘ॲ’ एक स्वतंत्र अक्षर म्हणून टंकता येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना फरक कळत नाही, पण साइटच्या स्वतःच्या शोधपेटीत एका पद्धतीने लिहिलेला माल दुसऱ्या पद्धतीने विचारणाऱ्याला सापडत नाही, असे होऊ शकते. दर, मापे आणि पत्ता केवळ चित्रात घालण्याची सवयही सोडावी लागते.

आता एका पानाचे उदाहरण. अनेक साइटवर वस्तूचे नाव ‘चादर डिझाइन १२’ एवढेच असते आणि खाली ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’. हे वाक्य कुठल्याही मालाला लागू पडते, म्हणून ते कुणालाच उपयोगी पडत नाही. त्याऐवजी शीर्षक ‘सोलापुरी जॅकार्ड चादर, सुती, डबल बेड’ असे करावे. खाली इंचांत लांबी-रुंदी, वजन, रंग पक्का आहे का, पहिल्या धुण्यात किती आटते, ठोक मागणी किमान किती नगांची, हे लिहावे. चादरीवर विणलेल्या मोराच्या नक्षीचा जवळून काढलेला फोटो द्यावा आणि त्याच्या पर्यायी मजकुरात (फोटोऐवजी वाचला जाणारा मजकूर) त्या नक्षीचे वर्णन करावे. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. बाजारात या नावाने परगावचा माल सर्रास विकला जातो, तेव्हा मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता असलेल्या उत्पादकाने ते पानावर ठळक सांगायलाच हवे. यंत्रमागाच्या खटखटाटात पिढ्या घालवलेल्या माणसाकडे कापडाची जी माहिती असते, ती जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या कुणाकडेही नसते. ती पानावर येत नाही, हे या शहराचे खरे नुकसान आहे.

याउलट कीवर्ड टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची जागा) शंभर शब्द कोंबण्याने काहीही होत नाही. क्रम लावताना आपण हा टॅग पाहत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. क्रम लावण्याच्या पद्धतीत गूगलने पुढे मोठे बदल केले : पोकळ मजकुराच्या साइट २०११ च्या पांडा बदलात आणि विकतच्या दुव्यांवर उभ्या असलेल्या साइट २०१२ च्या पेंग्विन बदलात खाली गेल्या. तरीही ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारे फोन मालकांना येतच असतात. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला काही तासांपासून कित्येक महिनेही लागतात.

स्थानिक गिऱ्हाइकासाठी नकाशावरची नोंद साइटइतकीच मोलाची. गूगल बिझनेस प्रोफाइल विनामूल्य असते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत आलेला किंवा अक्कलकोट-पंढरपूरच्या वाटेवर थांबलेला माणूस ‘जवळचे चादरीचे दुकान’ एवढेच विचारतो. दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे सारखाच असावा. एका ठिकाणी ‘साखर पेठ’ आणि दुसऱ्या ठिकाणी जुन्या जागेचा पत्ता असेल, तर माणूसही चुकतो आणि यंत्रही.

जाहिरात मात्र हंगाम पाहून करावी. गणवेशाची विचारणा जूनमधल्या शाळा उघडण्याआधी, पांघरुणांची थंडीच्या तोंडावर, आहेराची लग्नसराईत. गूगल ॲड्समध्ये प्रत्येक शोधाच्या वेळी लिलाव होतो, पण केवळ जास्त बोली लावणाराच वर जातो असे नाही. जाहिरात आणि तिच्यामागचे पान विचारलेल्या गोष्टीशी किती जुळते, हेही पाहिले जाते. पैसे थांबले की जाहिरात त्याच क्षणी थांबते.

काम मोजण्यासाठी सर्च कन्सोल हे गूगलचे विनामूल्य साधन पुरेसे आहे : कोणत्या शब्दांवर पान दिसले, किती जणांनी उघडले, कोणते पान इंडेक्समध्ये आलेच नाही, हे त्यात कळते. त्याचे खाते, डोमेनची (साइटच्या पत्त्याची) नोंदणी आणि नकाशावरची नोंद या तिन्ही गोष्टी मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असाव्यात. साइट बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन राहिले, तर नूतनीकरणाच्या वेळी किंवा काम दुसऱ्याकडे सोपवताना वर्षानुवर्षे कमावलेला पत्ताच हातचा जातो.