बायपासमध्ये प्लास्टिकची नळी बसवत नाहीत

‘बायपासमध्ये हृदयाला प्लास्टिकची नळी जोडतात’ हा आपल्याकडे वर्षानुवर्षे ऐकू येणारा समज चुकीचा आहे. १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी रुग्णाच्याच पायातली शीर वापरून ही शस्त्रक्रिया रूढ केली आणि आजही पायातली शीर, छातीच्या आतली धमनी किंवा हातातली धमनीच वापरतात. पायावरचा लांब व्रण त्याचाच असतो. (अँजिओप्लास्टीत बसवतात तो स्टेंट म्हणजे धातूची जाळी, ती गोष्ट वेगळी.)

डेक्रॉन या कृत्रिम धाग्याची विणलेली नळी महाधमनीत उत्तम चालते, कारण तिथे व्यास मोठा आणि प्रवाह जोरदार असतो. हृदयाच्या धमन्या मात्र जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंद असतात, आणि इतक्या अरुंद कृत्रिम नळीत रक्त गोठून ती लवकर बंद पडते. जिवंत रक्तवाहिनीचे अस्तर गुठळ्या रोखणारी द्रव्ये सतत स्रवत असते. कापडाला ते साधत नाही.

मानवी पेशींकडून विरघळणाऱ्या जाळीवर वाढवलेल्या आणि नंतर पेशी धुऊन काढलेल्या ‘सिमव्हेस’ या नळीला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, हे यश मोठेच आहे. परंतु ती मान्यता हातापायांच्या जखमी धमन्यांसाठी आहे, हृदयासाठी नाही.