किमोनंतरचा ताप उन्हाचा समजू नका

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो. अशा दिवसांत घरात कुणाला ताप आला की सगळे म्हणतात, ‘ऊन लागलं असेल.’ मग कैरीचं पन्हं, कपाळावर ओली पट्टी, एक पॅरासिटामॉल. एरवी तेवढ्यावर भागतंही. किमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या मात्र हे जिवावर बेतू शकतं.

किमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. म्हणून डोस झाल्यावर बहुतेकदा ७ ते १४ दिवसांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. एक मायक्रोलिटर रक्तात त्या ५००च्या खाली गेल्या, की आपल्याच तोंडातले, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात आणि त्यांना अडवायला कुणी उरत नाही. पू होतो तोही याच पेशींमुळे. त्यामुळे अशा रुग्णाच्या जखमेत पू दिसत नाही, एक्स-रेमध्ये न्यूमोनियाही नीट उमटत नाही. बरेचदा ताप हीच एकमेव खूण असते, आणि पॅरासिटामॉल देऊन ती आपणच पुसतो. स्टेरॉइड चालू असेल तर कधीकधी ताप येतही नाही. नुसती हुडहुडी, गळाठा किंवा बरळणं दिसतं.

१००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला की रात्र असली तरी निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे तपासण्यासाठी, रक्त घेऊन, रिपोर्टची वाट न पाहता, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून येताना कितीतरी वेळ घाटातच जातो, म्हणून पहिला डोस जवळच्या रुग्णालयात मिळणं मोलाचं. किमो मुंबईला किंवा नाशिकला झालेली असते, ड्युटीवरच्या डॉक्टरांना त्यातलं काही ठाऊक नसतं. कोणतं औषध, शेवटचा डोस कधी, हे लिहिलेली फाइल सोबत हवीच. ‘किमो चालू आहे’ हे दारातच सांगा.

तापासारखीच आणखी एक खूण अंगावर काढू नये अशी. कॅन्सरच्या रुग्णाची पाठ दुखू लागली आणि पायातलं बळ कमी झालं, तर केळीचे घड उचलून दुखली असेल म्हणून सोडू नका. गाठीचा दाब मज्जारज्जूवर आलेला असू शकतो. एमआरआय ताबडतोब हवा, कारण पाय पूर्ण लुळे पडल्यावर ते परत येणं फार कठीण.

ब्रिटनमध्ये किमोनंतर ३० दिवसांत झालेल्या मृत्यूंची २००८ साली छाननी झाली, तेव्हा उपचारांतल्या अनेक त्रुटी समोर आल्या. पुढच्याच वर्षी, तातडीचा विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयात अशा रुग्णांसाठी वेगळं पथक आणि चोवीस तास फोनवर सल्ला असावा, अशी शिफारस झाली. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एक प्रशिक्षित परिचारिका, एक फोन नंबर आणि कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावलेला उपचारक्रम, एवढ्याने तिथे सुरुवात करता येईल. ती व्हायलाच हवी.