पक्षाघात झालेल्याला पाणी पाजण्याआधी

घरात कुणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळायला लागली की कुणीतरी पाणी आणायला धावतं. त्यामागे माया असते, पण त्या क्षणी पाणी देऊ नये. गोळी देऊ नये, साखर-पाणी नको, दूधही नको. माणूस शुद्धीत असला आणि स्वतःच पाणी मागत असला, तरी तो घोट पोटात जाईल की फुफ्फुसात, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

गिळणं आपल्याला सोपं वाटतं, कारण ते आपल्या नकळत होतं. घास मागे सरकला की टाळू वर उचलली जाते आणि नाकाकडची वाट बंद होते. स्वरयंत्र वर सरकतं, त्याच्यावर झडप पडते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिका उघडते. हे सगळं सेकंदाभरात, ठरलेल्या क्रमाने व्हावं लागतं. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून आणि मेंदूच्या देठाकडून स्नायूंना आज्ञा जातात. पक्षाघातात नेमका हा क्रम चुकतो. झडप पडायला किंचित उशीर झाला, तरी पाण्यासारखा पातळ पदार्थ तोवर श्वासनलिकेत शिरलेला असतो. सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळण्याचा कमीअधिक त्रास असतो. त्यातल्या काहींना ठसकाही लागत नाही, कारण घशाची संवेदनाच बधिर झालेली असते. घरच्यांना वाटतं, छान प्यायले. दोन दिवसांनी ताप येतो आणि छातीच्या फोटोत न्यूमोनिया दिसतो.

गोळीच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो, पण काही जणांत रक्तवाहिनी फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि सीटी स्कॅनशिवाय फरक कळत नाही. हृदयविकारात देतात म्हणून कुणी घरीच अॅस्पिरिन दिली आणि आत रक्तस्राव चालू असला, तर तो वाढू शकतो. म्हणून रुग्णाला कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? झोपेतून उठतानाच हात लुळा असेल, तर रात्री झोपतानाची वेळ सांगायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी गुठळी नळी घालून ओढून काढायची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येते. डॉक्टरांचं सगळं गणित त्या वेळेवर चालतं.

या इंजेक्शनाबद्दल आणि ‘गोल्डन अवर’बद्दल, म्हणजे उपचाराच्या सुरुवातीच्या मोलाच्या वेळेबद्दल, आता वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. ते यायलाच हवं. पण आपल्याकडे कितीतरी रुग्ण वेळ टळल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. त्यांच्यासाठी आणि इंजेक्शन मिळालेल्यांसाठीही पुढचे तीन दिवस ज्या कामावर अवलंबून असतात, त्याची चर्चा फारशी होत नाही. ते काम सिस्टरांचं असतं. आपण त्याला ‘सेवा’ म्हणून हात जोडतो आणि तिथेच थांबतो. मला वाटतं, त्याला औषधोपचाराइतकाच मान द्यायला हवा, कारण त्याचा परिणाम मोजला गेला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात सँडी मिडलटन या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने तिथल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये, म्हणजे पक्षाघाताच्या रुग्णांसाठीच्या खास विभागांत, एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही युनिटमधल्या परिचारिकांना तीनच गोष्टी काटेकोर करायला शिकवलं: ताप, साखर आणि गिळणं. पहिले तीन दिवस नियमित तापमान घ्यायचं आणि ते ३७.५ अंश सेल्सियसला पोहोचलं की पॅरासिटामॉल द्यायचं. बोटाला टोचून रक्तातली साखर पुन्हा पुन्हा पाहायची आणि वाढली तर उतरवायची. तोंडाने काहीही देण्याआधी गिळण्याची तपासणी करायची. उरलेल्या युनिटना मार्गदर्शक सूचनांचा फक्त सारांश दिला. नव्वद दिवसांनी पाहिलं, तर नुसता सारांश मिळालेल्या युनिटमधले ५८ टक्के रुग्ण दगावले होते किंवा परावलंबी झाले होते. शिकवलेल्या युनिटमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं. नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही. थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि पाण्याचा चमचा! सूचना दोन्हीकडे पोहोचल्या होत्या. फरक पडला तो त्या रोज, प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत पाळल्या गेल्यामुळे.

ताप आणि साखर यांना एवढं महत्त्व का? गुठळीमुळे मेंदूचा मधला भाग मरतो, पण त्याच्याभोवतीच्या पेशी अर्धपोटी, कशाबशा तग धरून असतात. ताप आला की त्यांची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा तर आधीच तुटपुंजा असतो. वाढलेली साखरही या भागाचं नुकसान वाढवते. वाचू शकणारी ही किनार पहिल्या दिवसांत हातची जाऊ न देणं, हे सिस्टरांचं खरं काम.

इंजेक्शन दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि मग चोवीस तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला तपासायचा असतो. १८०/१०५ च्या वर गेला तर मेंदूत रक्तस्रावाची भीती असते. एका सिस्टरकडे वॉर्डभर खाटा असतील तर हे कसं जमायचं? पक्षाघाताच्या उपचारांची चर्चा करताना हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

आणि नुसत्या चांगल्या हेतूने काम भागत नाही, हेही चाचण्यांनीच दाखवलं. रुग्णाला जितक्या लवकर आणि जितक्या वेळा उभं करू तितकं बरं, असा समज होता. २०१५ साली पाच देशांतल्या २१०४ रुग्णांवरच्या चाचणीत उलटं दिसलं: पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवलेल्या गटात चांगले बरे झालेल्यांचं प्रमाण थोडं कमीच निघालं. म्हणून पहिल्या दिवशी नातेवाइकांनी आपल्या मनाने ‘चला, जरा चालून बघू’ असं करू नये.

गिळण्याची तपासणी दिसायला साधी असते. रुग्ण पूर्ण जागा हवा, ताठ बसलेला हवा. आधी चमचाभर पाणी, मग थोडं जास्त. ठसका लागतो का, श्वास बदलतो का आणि पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, गुळगुळल्यासारखा येतो का, हे पाहायचं. त्यात अडचण दिसली की काही दिवस जेवणासाठी नाकातून नळी. नळी म्हटलं की घरचे घाबरतात, पण बहुतेकांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं आणि ती निघते.

घरी आल्यावर खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. आजाऱ्याला पातळ द्यावं, ही आपली समजूत इथे उलटी ठरते. पाणी, चहा, ताक, पातळ आमटी हे सर्वांत अवघड, कारण ते वेगाने घसरतं. घट्टसर पेज, मऊ खिमट, घोटलेलं वरण हे बऱ्याच जणांना सोपं जातं. चुरमुरे, शेव, कोरडे पोहे नकोत. दुधात बुडवलेलं बिस्कीट किंवा पातळ आमटीत सुटा भात, म्हणजे एकाच घासात पातळ आणि घन, हेही फसवं असतं. किती घट्ट चालेल, हे मात्र प्रत्येक रुग्णाचं वेगळं असतं आणि ते तपासणाऱ्यानेच ठरवायचं. घास चांगल्या बाजूच्या गालात द्यावा. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं आणि तासाभराने झोपेत घशात उतरतं. म्हणून जेवण झाल्यावर तोंड नीट साफ करायचं आणि अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. दातांवरची घाण लाळेबरोबर फुफ्फुसात जाते, तेव्हा नळीने जेवणाऱ्याचंही तोंड रोज स्वच्छ करायला हवं.

उजव्या मेंदूला मार बसलेले काही जण ताटाचा डावा अर्धा भाग तसाच सोडतात. भूक नाही म्हणून ते उठत नाहीत. डावीकडचं जगच त्यांच्या ध्यानात येत नाही. ताट फिरवून दिलं की उरलेलं खातात. डाव्या मेंदूचा आघात असेल तर अनेकदा बोलणं जातं, पण समज बरीच शाबूत असू शकते. अशा माणसासमोर त्याच्याविषयी तिऱ्हाइतासारखं बोलू नये. ज्यांना साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, त्यांतल्या काहींना लहानपणापासून पाठ असलेली आरती सलग म्हणता येते, कारण घोकलेली वाणी मेंदूत वेगळ्या वाटेने साठलेली असते.

लुळा हात धरून माणसाला कधी ओढू नका. स्नायू सैल पडल्याने खांद्याचा सांधा आधीच खाली सरकलेला असतो. एका झटक्याने तो महिनोन्महिने दुखतो आणि मग व्यायामही बंद पडतो. हाताखाली उशी हवी. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज पाहायच्या. दाबूनही फिकी न पडणारी लाली दिसली, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते.

हे सगळं घरच्यांना शिकवलं की झालं, असंही नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर नेमकी हीच कल्पना तपासली गेली: घरातल्या एकाला शिकवायचं आणि पुनर्वसन त्याने करायचं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी घरच्यांना शिकवलेल्या आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या, अशा दोन्ही गटांत दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले ४७ टक्केच होते. घरच्यांची मेहनत वाया गेली, असा अर्थ मी काढत नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांची जागा सुनेवर किंवा बायकोवर टाकून मोकळं होता येत नाही, असा काढते.

म्हणून घरी सोडण्याआधी एक जेवण सिस्टरांच्या समोर भरवून दाखवा आणि चुकतंय कुठे ते विचारा. नळी असेल तर ती जागेवर आहे की नाही हे कसं पाहायचं आणि कुठली गोळी कुटून चालणार नाही, हे लिहून घ्या. घरी जेवताना आवाज ओलसर येऊ लागला, जेवायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागू लागला किंवा कारण नसताना ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.