इन-हाउस वकील (बडोदे)

पगारावर राहून एकाच कंपनीचे कायद्याचे काम पाहणारा कायदेतज्ज्ञ. बडोद्याच्या कारखान्यांत त्याला नुसते ‘लीगल’ म्हणतात. ‘फाईल लीगलकडे अडकली आहे’ हे वाक्य इथे रोज ऐकू येते. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाला वकिली थांबवावी लागते, म्हणजे सनद स्थगित करून घ्यावी लागते. तेव्हा बोलीत तो वकील असला, तरी कोर्टात वकीलपत्र दाखल करू शकत नाही.

कोयालीची रिफायनरी (१९६५) आणि आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी (१९६९) यांच्यामुळे शहराभोवती मोठा उद्योग उभा राहिला. पुढे मकरपुरा, नंदेसरी, सावली इथपर्यंत तो पसरला. जुन्या चालीच्या विधी विभागाचे काम ठरलेले असे: आलेल्या नोटिशीला उत्तर देणे, न्यायमंदिरात, म्हणजे शहराच्या जुन्या कोर्टात, उभ्या राहणाऱ्या वकिलाला कागद पुरवणे, तारखा सांभाळणे. भांडण झाल्यावरच त्याची आठवण होई.

आता त्याला आधी विचारतात, आणि खरा फरक तिथेच आहे. साधी खरेदीची ऑर्डर घ्या. पर्चेसवाल्याने मकरपुऱ्यातल्या लहान वर्कशॉपकडून सुटे भाग मागवले आणि सवयीने ‘पैसे ९० दिवसांनी’ असे छापले. लीगल पहिला प्रश्न विचारतो: या पार्टीचे ‘उद्यम’ प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे का? सूक्ष्म वा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने केलेल्या दुरुस्तीमुळे मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली रक्कम आयकर मोजताना त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. म्हणून तो नुसता ‘चालणार नाही’ असा शेरा मारत नाही. अकाउंट्सवाल्यांना शेजारी बसवून ऑर्डरचा छापील नमुनाच बदलून घेतो. धंद्याचा भागीदार म्हणायचे ते याला. वर्कशॉपवाल्याचे पैसेही वेळेवर सुटतात, आणि मला ही बाजू कंपनीच्या फायद्याइतकीच मोलाची वाटते.

या जवळिकीची किंमतही आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधले वकील-अशील गोपनीयतेचे संरक्षण इन-हाउस वकिलाला मिळत नाही. कलम १३४ खाली थोडे संरक्षण आहे, पण ते कंपनीच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी झालेल्या पत्रव्यवहारापुरते. मालक आणि त्याचा पगारी वकील यांच्यातल्या बोलण्याला ते लागू नाही. न्यायालयाच्या मते, पगारावर अवलंबून असलेला माणूस कोर्टात वकिली करणाऱ्याइतका स्वतंत्र नसतो.

हे कटू असले तरी खरे आहे. ज्या साहेबाला ‘ही सही करू नका’ सांगायचे, त्याच्याच हाती वार्षिक पगारवाढ असते. म्हणून विधीप्रमुखाला संचालक मंडळापर्यंत थेट जाता आले पाहिजे. ती वाट नसेल तर ‘भागीदार’ हा शब्द व्हिजिटिंग कार्डापुरताच उरतो. नाजूक प्रकरणात बाहेरचा वकील सुरुवातीपासून घेणे आणि संवेदनशील मत त्याच्याकडूनच लेखी मागवणे, ही काळजी या निकालानंतर अधिकच गरजेची झाली आहे. नोकरी सोडल्यावर गुजरात बार कौन्सिलकडे अर्ज करून सनद पुन्हा चालू करून घेता येते.