कपॅसिटर की दुसरी बॅटरी?

गाडीत मोठा अँप्लिफायर बसवला, आवाज वाढवला आणि बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद व्हायला लागले, की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो कपॅसिटर लाव, दुसरा म्हणतो डिकीत आणखी एक बॅटरी टाक. दोन्हींत वीज साठते, म्हणून दोन्हींचं काम एकच असं वाटतं. तसं नाही, आणि हे न कळल्यामुळे लोकांचे पैसे नको तिथे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

कपॅसिटर चटकन देतो, पण त्याच्याजवळ असतंच थोडं. १ फॅरडचा (फॅरड म्हणजे कपॅसिटरची क्षमता मोजण्याचं एकक) कपॅसिटर १४.४ व्होल्टवरून १२ व्होल्टवर येईपर्यंत जेमतेम ३२ जूल ऊर्जा देतो. १००० वॅट ओढणाऱ्या अँपला (अँप्लिफायरला) ती सेकंदाच्या तिसाव्या हिश्शापुरती पुरते. ढोलाच्या थापेची सुरुवात तेवढी सावरली जाते. लांबलेल्या बेसला त्याचा आधार नाही. उलट रिकामा झाला की स्वतः भरून घ्यायला तो अल्टरनेटरकडूनच, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडूनच, करंट ओढतो. बसवताना मात्र तो कधीही थेट जोडू नका, मोठी ठिणगी उडते. पॉझिटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये १२ व्होल्टचा बल्ब धरा. आधी तो लख्ख पेटतो, मग मंदावत मंदावत विझतो. विझला, म्हणजे कपॅसिटर भरला.

बॅटरीची गोष्ट उलटी. ६० अँपिअर-तासांची बॅटरी ३ अँपिअर करंट २० तास देऊ शकते, साठ्यात कपॅसिटर तिच्या जवळपासही नाही. पण पूर्ण भरलेल्या बॅटरीचा स्वतःचा व्होल्टेज असतो साधारण १२.६. इंजिन चालू असताना अल्टरनेटर गाडीतला व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या दरम्यान धरून ठेवतो, आणि तोवर बॅटरी देत नाही, घेत असते. व्होल्टेज १२.६ च्या आसपास घसरला की मग ती मदतीला येते. तोपर्यंत हेडलाइट मंद होऊन गेलेले असतात! दुसऱ्या बॅटरीची खरी जागा इंजिन बंद ठेवून गाणी ऐकणाऱ्याच्या गाडीत. तिथेही मध्ये आयसोलेटर (दोन बॅटऱ्या एकमेकींपासून तोडणारा भाग) हवा, नाहीतर स्टार्टरची बॅटरीही सोबत उतरते.

वीज तयार करतो तो फक्त अल्टरनेटर. १००० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या पॉवरचा) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा, अँप ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण जोरावर १३.८ व्होल्टला सुमारे ९० अँपिअर ओढतो. गाण्यात सरासरी बरीच कमी असते, पण गाडी नुसती उभी राहून आयडलवर असताना अल्टरनेटरही त्याच्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा खूप कमी देतो.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर काढा. इंजिन चालू ठेवून, बेस वाजत असताना, आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग अँपच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १४ आणि अँपवर १२.५ दिसत असेल तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा (बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह बाजूचा). ९० अँपिअरला ५ मीटर ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) तांब्याची वायर एकटीच जवळजवळ १ व्होल्ट खाते, ४ गेजची त्याच्या निम्म्याहून कमी. वायर बदलाच, बॅटरीजवळचा फ्यूजही त्या वायरला साजेसा घाला, आणि अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी या तीन वायरीही जाड करा. बॅटरीवरच व्होल्टेज पडत असेल, तर मोठा अल्टरनेटर लागेल.